पाहुण्या वक्त्याला आधी त्याची माती विचारावी

मराठवाड्यातील जिल्ह्यांच्या ठिकाणी आणि काही मोठ्या तालुक्यांच्या गावी बागप्रेमींची मंडळे नेमाने चालतात. महिन्यातून एकदा, बहुधा रविवारी, सभासद एकत्र जमतात, रोपांची आणि बियांची देवघेव होते आणि बाहेरून बोलावलेल्या एखाद्या वक्त्याचे व्याख्यान होते. सभेचा बराचसा वेळ आणि वर्गणीतला मोठा वाटा या व्याख्यानावर खर्ची पडतो. तरीही वक्ता कोण असावा, त्याने कशाविषयी बोलावे आणि त्याचा खर्च कोणी उचलावा, हे प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत शेवटच्या पाच मिनिटांत उरकले जातात. ओळखीतून एखादे नाव पुढे येते, तारीख जुळते आणि विषय वक्त्यावरच सोपवला जातो. ही पद्धत बदलली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पाण्याची टंचाई, घरोघरी होणारा विषारी औषधांचा वापर आणि गच्च्यांवर वाढत चाललेला भार हे साऱ्या शहराचे प्रश्न आहेत, आणि बागेची हौस असलेली माणसे या तिन्ही बाबतींत जे करतात ते पुष्कळदा अशाच एखाद्या व्याख्यानात ऐकलेले असते. म्हणून वक्ता निवडताना मंडळाने सर्वांत आधी एकच गोष्ट तपासावी: ज्या मातीत आणि ज्या पाण्यावर आपल्या बागा उभ्या आहेत, त्या मातीचा आणि त्या पाण्याचा अनुभव या माणसाला आहे काय?

आजची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. पुणे, मुंबई किंवा नाशिकचा एखादा नामवंत, मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे घरोघरी पोहोचलेला वक्ता येतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय आणि शाल-श्रीफळ यांत अर्धा तास जातो. त्यानंतर पडद्यावर सुंदर बागांची छायाचित्रे दाखवली जातात, मऊ भुसभुशीत मातीत हात घालणारे वक्ते दिसतात, आणि शेवटी प्रश्नांसाठी दहा मिनिटे उरतात, त्यातली पाच आभारप्रदर्शनात जातात. सभागृहाबाहेर टेबल मांडलेले असते. तिथे कोकोपीटच्या विटा, टॉनिकच्या बाटल्या आणि तयार मातीच्या पिशव्या विकल्या जातात. सभासद उत्साहाने घरी जातात, आठ-पंधरा दिवस सांगितले तसे करतात, आणि मे महिना येईपर्यंत त्यातली बरीचशी रोपे वाळलेली असतात. दोष आपल्या हाताचा आहे असे समजून माणसे गप्प बसतात, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या नामवंताला निमंत्रण जाते.

आपली माती कशी आहे, याकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. गोदावरी, पूर्णा, दुधना आणि मांजरा यांच्या खोऱ्यांतली काळी भारी जमीन चिकण मातीची आहे. ती पाणी धरून ठेवते, ओली असताना फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप (pH), बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो आणि तिच्यात मुक्त चुना भरपूर असतो. अशा जमिनीत लोह असूनही ते झाडाला मिळत नाही, कारण विम्ल म्हणजे अल्कधर्मी मातीत लोहाचे अविद्राव्य संयुग बनते. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनंताचे झाड हे याचे उत्तम उदाहरण आहे. आम्लधर्मी तांबड्या मातीत डौलाने वाढणारे हे झाड आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पिवळे पडू लागते. तांबड्या मातीच्या प्रदेशातून आलेल्या वक्त्याला पिवळे पान दाखवले की तो आपल्या अनुभवाप्रमाणे नत्र द्यायला सांगतो किंवा पाणी कमी पडते आहे असे म्हणतो. काळ्या जमिनीत जास्तीचे पाणी दिले की मुळांभोवतीची हवा कोंडते आणि लोहाची अडचण आणखी वाढते. म्हणजे प्रामाणिकपणे दिलेला आणि दुसऱ्या ठिकाणी अगदी योग्य असलेला सल्ला इथे झाडाला घातक ठरतो. वाफसा येईपर्यंत, म्हणजे जमिनीत ओल आणि हवा यांचा मेळ बसेपर्यंत थांबणे, कुंडीच्या मातीत मुरूम आणि शेणखत मिसळून निचरा सुधारणे, लोहाची फवारणी पानांवर करणे, आणि काही झाडे आपल्याकडे लावूच नयेत हे मान्य करणे, एवढ्या गोष्टी सांगायला मोठे नाव लागत नाही. त्यासाठी या जमिनीत वर्षानुवर्षे हात घातलेला माणूस लागतो. बोअरच्या पाण्याचीही तीच कथा आहे. ते बहुतेक ठिकाणी जड आणि क्षारयुक्त असते, कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो, आणि त्या थराविषयी एकही शब्द न बोलता कुंडीतील बागेवर तासभर बोलणारे व्याख्यान आपल्या उपयोगाचे नाही.

पाण्याचा मुद्दा तर केवळ बागेपुरता राहत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले. ज्या शहराने ते पाहिले आहे, त्या शहरातील बागप्रेमींच्या मंडळात हिरवळीच्या निगेवर व्याख्यान ठेवायचे असेल, तर त्या व्याख्यानाची सुरुवात हिशोबाने व्हायला हवी. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला दहा मिलिमीटरच्या घरात किंवा त्याहून अधिक असते. हिरवळीला त्याच्या दोन तृतीयांश पाणी लागते असे धरले, तरी शंभर चौरस मीटरच्या हिरवळीला रोज साडेसहाशे ते सातशे लिटर पाणी द्यावे लागेल. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना दर माणशी दर दिवशी १३५ लिटर पाणी गृहीत धरले जाते. म्हणजे एका बंगल्यापुढची हिरवळ पाच माणसांच्या वाट्याचे पाणी पिते, आणि आपल्या अनेक वस्त्यांत तेवढे पाणी प्रत्यक्षात कोणालाच मिळत नाही. हा हिशोब ऐकल्यावर एखाद्याने हिरवळ ठेवायचे ठरवले तर तो त्याचा निर्णय आहे. पण हा हिशोब त्याच्यापुढे मांडण्याचे काम मंडळाच्या व्यासपीठाने टाळू नये. छत्रपती संभाजीनगरच्या बागा मलिक अंबराच्या काळातल्या नहरींच्या आधाराने उभ्या राहिल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. जमिनीखालून उताराने पाणी शहरात आणणारी ती रचना समजावून सांगणारा स्थापत्यशास्त्राचा किंवा इतिहासाचा जाणकार मासिक सभेत बोलावला, तर बाग आणि पाणी यांचे नाते सभासदांना कोणत्याही खताच्या व्याख्यानापेक्षा अधिक कळेल.

योग्य वक्ते कुठे सापडतील, हा प्रश्न खरे म्हणजे पडायलाच नको. १९७२ च्या मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेत या विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे, अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. परभणीच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाने तयार केलेले बायोमिक्स हे उपयुक्त सूक्ष्मजीवांचे मिश्रण हळद आणि अद्रक लावणारे शेतकरी रांगा लावून घेऊन जातात, आणि त्याच जिल्ह्यातील घरगुती बागांत मूळकूज झाली की माणसे दूरच्या शहरातून मागवलेल्या महागड्या बाटल्या ओततात. अंबाजोगाईच्या संशोधकांना बोलावले तर सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर आधी पक्व होतो आणि परागकण नंतर बाहेर पडतात, म्हणून फळे कमी धरतात, आणि बारीक कुंचल्याने हाताने परागीकरण केले तर परसातल्या एकाच झाडाला कितीतरी जास्त फळे लागतात, हे ते करून दाखवू शकतील. बीडचे सीताफळ, जालन्याची मोसंबी आणि मराठवाड्याचा केसर आंबा यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्या प्रदेशाच्या फळांची ही ओळख झाली, त्या प्रदेशातील बाग मंडळांच्या वर्षभराच्या कार्यक्रमपत्रिकेत ही तीन नावे एकदाही येऊ नयेत, ही मला दुःखाची गोष्ट वाटते. जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांचे मासिक चर्चासत्र वर्षानुवर्षे भरत आले आहे. शेतकरी आपल्या पिकाची अडचण घेऊन येतो, त्यावर शास्त्रज्ञ बोलतो, आणि ज्याने त्या अडचणीतून वाट काढली आहे असा दुसरा शेतकरीही बोलतो. शहरातील मंडळांना यापेक्षा वेगळा नमुना शोधायची गरज नाही.

आता ज्या माणसांना आपण कधीच बोलावत नाही त्यांच्याविषयी लिहितो, कारण या लेखाचा माझ्या मते हाच गाभा आहे. आपल्या मंडळांचे सभासद बहुतांशी निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतील कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबातील स्त्रिया आहेत. त्यांच्या बागांत प्रत्यक्ष कुदळ-खुरपे चालवणारे माळी, रोपवाटिकेत दिवसभर उकिडवे बसून पिशव्या भरणाऱ्या बाया, गुलाबाचा डोळा भरणारे आणि आंब्याचे कोय कलम बांधणारे कारागीर, नगरपालिकेच्या उद्यानात आयुष्य घालवलेले कामगार हे या सभांना येतात ते खुर्च्या मांडायला किंवा कुंड्या उचलायला. एखाद्या कलमाचा जोड कोणत्या आठवड्यात लवकर सांधतो, कोणत्या बोअरच्या पाण्याने गुलाबाच्या पानांच्या कडा जळतात, पिठ्या ढेकूण जास्वंदीवर आधी कुठल्या फांदीवर दिसतो, हे त्यांना ठाऊक असते. हे ज्ञान त्यांनी कुठे छापलेले नाही, आणि त्यातले बरेचसे त्यांच्याबरोबर नाहीसे होत आहे. व्यासपीठावर बोलायची त्यांना सवय नाही, असे कारण कार्यकारिणीत दिले जाते. हे कारण मला पटत नाही. ज्याला भाषण करता येत नाही त्याला भाषण करायला लावू नये. त्याच्यापुढे खुंट (ज्यावर कलम करायचे ते रोप), डोळकाडी (डोळे असलेली फांदी), चाकू आणि पट्टी ठेवावी, सभासदांनी भोवती बसावे आणि मंडळातील एखाद्या जाणत्या बाईंनी किंवा गृहस्थांनी त्याला प्रश्न विचारत जावे. दख्खनी उर्दूत बोलणारा शहरातला जुना माळी असो की ग्रामीण बोलीत बोलणारी रोपवाटिकेतली मावशी असो, तासाभरात सभागृहाला जेवढे कळेल तेवढे शंभर चित्रांच्या सादरीकरणातून कळणार नाही. यात एक सामाजिक कर्तव्यही आहे आणि ते मी लपवत नाही. ज्यांच्या श्रमावर आपली हौस फुलते त्यांना पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसवणे आणि इतर वक्त्यांइतकेच मानधन देणे, ही कृतज्ञतेची गोष्ट आहे. पण कृतज्ञता बाजूला ठेवली, तरी निव्वळ उपयुक्ततेच्या कसोटीवरही त्यांचे निमंत्रण सर्वांत आधीचे ठरते.

बागेशी थेट संबंध नसलेल्या जाणकारांनाही वर्षातून एक-दोनदा बोलावले पाहिजे, आणि त्यांत मी स्थापत्य अभियंत्याचे नाव सर्वांत वर ठेवीन. गच्चीवरील बागेचा प्रसार फार झपाट्याने झाला आणि त्या विषयावरची व्याख्याने सर्वांत जास्त गर्दी खेचतात, पण भाराचा विषय त्यांत क्वचित निघतो. ये-जा करण्यासाठी मोकळ्या असलेल्या गच्चीचा आराखडा करताना चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरला जातो. ओल्या काळ्या मातीचे वजन घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते. म्हणजे गच्चीवर फक्त पंधरा सेंटीमीटर मातीचा वाफा केला, तरी चौरस मीटरला अडीचशे किलोंहून अधिक वजन होते. दोनशे लिटरचे पिंप अर्धे कापून त्यात माती भरली, तर त्या एका अर्ध्या पिंपाचे वजन पाणी दिल्यावर पावणेदोनशे किलोंपर्यंत जाते. जुन्या वाड्यांच्या माळवदांवर किंवा पंचवीस-तीस वर्षांपूर्वी स्वस्तात बांधलेल्या स्लॅबवर अशी पिंपे ओळीने मांडली जात आहेत. पिंपे तुळयांवर आणि भिंतींच्या रेषेत ठेवावीत, पालापाचोळा आणि कंपोस्ट यांचे हलके मिश्रण वापरावे, गळती आधी तपासावी, हे अभियंता अर्ध्या तासात सांगू शकतो.

औषधांच्या बाबतीत मात्र मी अधिक कडक भूमिका घेतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले; ती बातमी आपण सर्वांनी वाचली आणि ती शेतातली गोष्ट आहे असे समजून बाजूला ठेवली. पण तीच कीटकनाशके कृषी सेवा केंद्रातून लहान बाटलीत घरी येतात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या मिरचीवर ‘एक झाकण पाण्यात टाकून’ मारली जातात. हे झाकणाचे माप सभासदांना बऱ्याचदा व्याख्यानातूनच मिळालेले असते. कीटकनाशकांविषयीचा १९६८ चा कायदा आणि त्याखालील नियम यांनी वेष्टनावर रंगीत त्रिकोण सक्तीचा केला आहे. लाल रंग सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. कोणत्या पिकावर वापरायची परवानगी आहे आणि फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, हेही लेबलवर असते. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे. जो वक्ता औषधाचे नाव सांगेल त्याने त्रिकोणाचा रंग, शिफारस केलेले पीक आणि तोडणीपूर्वीचा काळ या तीन गोष्टी त्याच वेळी सांगितल्याच पाहिजेत, असा नियम मंडळाने लेखी करावा आणि तो निमंत्रणपत्रातच कळवावा. लिंबोळ्या गळून पडतात त्या दिवसांतच निंबोळी अर्काचे प्रात्यक्षिक ठेवले, तर पुष्कळ बाटल्या आपोआप अनावश्यक होतील. वाळवून कुटलेल्या लिंबोळ्या लिटरमागे पन्नास ग्रॅम या हिशोबाने थोड्या पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या, उरलेले पाणी आणि थोडा साबणाचा चुरा मिसळून लगेच फवारायचे. हा पाच टक्के अर्क आहे आणि कडुनिंबाचे झाड आपल्याकडे प्रत्येक गल्लीत आहे.

याच संदर्भात प्रायोजकांचा विचार करावा लागतो. एखादी खत किंवा बियाणे विकणारी कंपनी सभागृहाचे भाडे आणि चहापाण्याचा खर्च उचलते आणि बदल्यात आपला प्रतिनिधी वक्ता म्हणून पाठवते. लहान मंडळाला हा आधार मोलाचा वाटतो, हे मला समजते. पण ज्याचे उत्पन्न बाटली विकण्यावर अवलंबून आहे, तो बाटलीची गरज नाही असे कधीही सांगणार नाही, आणि बागेतल्या दहापैकी कितीतरी अडचणींचे खरे उत्तर ‘पाणी कमी करा’ किंवा ‘थोडे थांबा’ असे असते. कंपनीचा माणूस बोलावूच नये असे माझे म्हणणे नाही. ठिबकच्या नळ्या, तोट्या आणि गाळण्या यांविषयी त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नाही. त्याची ओळख करून देताना तो काय विकतो ते स्पष्ट सांगावे, व्यासपीठावरून विक्री होऊ देऊ नये, आणि त्याच्या व्याख्यानाचा खर्च मंडळाने स्वतः करावा. खर्च आपण केला की प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याकडे राहतो.

प्रश्न विचारण्याचा हा अधिकार मराठवाड्याला सहज मिळालेला नाही, हेही इथे आठवावेसे वाटते. निजामाच्या राजवटीत गश्ती क्रमांक ५३ या सरकारी परिपत्रकान्वये सार्वजनिक सभेला आधी परवानगी घ्यावी लागे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला एकत्र बसून मोकळेपणाने बोलण्यासाठी झगडावे लागले. त्यांच्या नातवंडांनी दोन तासांच्या सभेत प्रश्नांना दहा मिनिटे ठेवावीत, हे योग्य नाही. माझा आग्रह आहे की व्याख्यान चाळीस मिनिटांचे असावे आणि चर्चा किमान तेवढीच व्हावी. सत्कार एका मिनिटात आटोपावा. प्रश्न आठवडाभर आधी गोळा करून वक्त्याकडे पाठवावेत, म्हणजे तो त्या गावच्या अडचणींचा विचार करून येईल. सभासदांनी आजारी फांदी, पिवळे पान, कुंडीतली मूठभर माती सोबत आणावी. शक्य असेल तेव्हा सभागृहाऐवजी एखाद्या रोपवाटिकेत, विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर किंवा सभासदाच्या परसात जमावे. तिथे वक्त्याला चित्रांची गरज पडत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वक्त्याला त्याच्या फसलेल्या प्रयोगांविषयी बोलायला सांगावे. शेतीतील प्रयोगकर्ते श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, त्यामागची दृष्टी हीच होती: ज्याने त्याने आपल्या जागी प्रयोग करावा, मोजमाप ठेवावे आणि निष्कर्ष एकमेकांना कळवावेत, मग ते निष्कर्ष मनासारखे असोत वा नसोत. आपल्या मंडळांत या शिस्तीचा अभाव आहे. मागच्या वर्षी कोण काय बोलून गेले आणि त्यातले इथे काय लागू पडले, याची नोंद कोणाकडेच नसते. एका वहीत तारीख, वक्त्याचे नाव, त्याने सांगितलेले उपाय आणि सहा महिन्यांनी त्या उपायांचे काय झाले हे सभासदांच्याच शब्दांत लिहून ठेवले, तर पाच-सहा वर्षांत त्या गावच्या बागेचा असा एक दस्तऐवज तयार होईल जो कुठल्याही छापील पुस्तकात मिळणार नाही. नवा वक्ता निवडताना ही वही समोर असली की नावाच्या वलयाला आपोआप मर्यादा पडेल.

या भूमिकेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की बाहेरचे वारे बंद केले तर मंडळ डबक्यासारखे होईल. या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच बाहेरच्या वक्त्याला मज्जाव करावा असे मी म्हणत नाही. वर्षाच्या बारा सभांपैकी दोन-तीन सभा दूरच्या पाहुण्यांना जरूर द्याव्यात. मात्र त्यांच्याशेजारी व्यासपीठावर स्थानिक जाणकार बसवावा आणि पाहुण्याचे बोलणे संपल्यावर यातले काळ्या मातीत, जड पाण्यावर आणि बेचाळीस-चव्वेचाळीस अंश तापमानात काय टिकेल, हे त्याने सांगावे. चांगला पाहुणा या गोष्टीचे स्वागतच करील. दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. निवृत्त माणसे विरंगुळ्यासाठी येतात, त्यांना सामू आणि बाष्पीभवन ऐकवू नका, असे म्हटले जाते. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. ज्या सभेत कोणीतरी मातीचा परीक्षण-अहवाल ओळीने समजावून दिला, त्या सभेनंतर माणसे अंधार पडेपर्यंत घोळक्याने उभी राहून बोलत होती, आणि एरवी मागच्या रांगेत बसणाऱ्या स्त्रिया सर्वांत जास्त प्रश्न विचारत होत्या. आपल्या हाताने लावलेले झाड का मेले हे कळणे, यात माणसाला फार मोठे समाधान असते.

राहिला पैशाचा प्रश्न. दूरच्या वक्त्याचा प्रवास, राहणे, शाल आणि स्मृतिचिन्ह यांवर एका सभेत जेवढा खर्च होतो, त्यात स्थानिक वक्त्यांच्या तीन-चार सभा होऊ शकतात. रोपवाटिकेतला कारागीर किंवा माळी रविवारीही कामावर असतो. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून त्याला शाल देण्याऐवजी रोख मानधन द्यावे, आणि ते सभेपूर्वी पाकिटात घालून हातात द्यावे, नंतर हेलपाटे मारायला लावू नयेत. विद्यापीठातील शास्त्रज्ञांना मंडळाने वर्षाच्या आरंभीच पत्र लिहून तारखा मागाव्यात, कारण खरीप आणि रब्बीच्या ऐन हंगामात ते मोकळे नसतात. वर्षभराची पत्रिका हंगामाप्रमाणे लावावी: लिंबोळ्यांच्या दिवसांत अर्क, मृगाच्या तोंडावर कलमे आणि रोपलागण, पाऊस ओसरल्यावर गुलाबाची छाटणी, हिवाळ्यात माती परीक्षण, आणि फेब्रुवारीपासूनच आच्छादन, सावलीची जाळी आणि पाण्याचा हिशोब. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रत्येक मंडळाने हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर स्वतंत्रपणे घ्यावा, मानधनाचा एकच दर सर्वांसाठी ठरवावा, आणि जूनच्या सभेचे पहिले निमंत्रण आपल्याच गावच्या रोपवाटिकेत कलमे बांधणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन द्यावे.